गोदामाचे पडिलेहण

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की नगरच्या आडते बाजारात आणि डाळ मंडईत एक दृश्य दरवर्षी दिसते. सकाळी शटर वर जाते, दिवाणजी गादीवर अगरबत्ती लावतात, हमाल थप्पीच्या तळाचे पोते ओढतो आणि त्याच्या मागोमाग हरभऱ्याची बारीक धार जमिनीवर सांडत येते. पोत्याचा कोपरा कुरतडलेला असतो. भोवती काळ्या लेंड्या असतात आणि भिंतीच्या कडेने रोजच्या येण्याजाण्याचा तेलकट पट्टा उमटलेला असतो. शेठजी पाहतात आणि काही बोलत नाहीत. दुपारी, गिऱ्हाईक कमी झाल्यावर, हमालाला हळूच सांगितले जाते, "याचा काहीतरी बंदोबस्त कर." बंदोबस्त म्हणजे काय, हे सांगितले जात नाही आणि दुसऱ्या दिवशी विचारलेही जात नाही.

सगळा पेच या अर्ध्या वाक्यात आहे. पहिले अणुव्रत घेतलेल्या श्रावकाला ठाऊक असते, की त्याचे पच्चक्खाण दोन करण आणि तीन योगांचे आहे. स्वतः करणार नाही एवढेच ते म्हणत नाही. दुसऱ्याकडून करवून घेणार नाही, असेही म्हणते, आणि तेही मन, वचन व काया या तिन्हींनी. साधूंप्रमाणे अनुमोदनेचा त्याग गृहस्थाकडून अपेक्षिलेला नाही. पण 'करविणे' त्यात निश्चित येते. म्हणजे विषाची पुडी हमालाच्या हाताने ठेवली गेली, तरी व्रताच्या हिशेबात ती शेठजींच्याच खात्यावर पडते. वहीखाते चोख ठेवणाऱ्या समाजाने या एका नोंदीपुरती शाई का आखडती घ्यावी, हा प्रश्न थोडा बोचरा आहे, परंतु तो विचारायला हवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धान्य हे अन्न आहे. ते शेतकऱ्याच्या घामाचे आहे, बँकेच्या कर्जाचे आहे आणि ज्याच्या ताटात जायचे त्याच्या आरोग्याचे आहे. दोनशे ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाला सुमारे वीस-पंचवीस ग्रॅम धान्य खातो. गोदामात असे पन्नास असतील तर वर्षाला चार क्विंटलच्या आसपास माल त्यांच्या पोटात जातो. व्यापाराच्या दृष्टीने हे नुकसान सोसण्याजोगे म्हणता येईल. खरी हानी खाण्याने होत नाही, नासाडीने होते. एक उंदीर दिवसाला चाळीस-पन्नास लेंड्या टाकतो, मूत्र शिंपडत फिरतो, केस गाळतो आणि जितके खातो त्याहून कितीतरी अधिक धान्य खराब करतो. फाटलेली पोती, सांडलेला माल, कुरतडलेल्या विजेच्या तारा आणि त्यातून लागणारी आग हे वेगळेच. डाळीच्या व्यापाऱ्याचे नाव एका लेंडीने जाते, हे मंडईतील जुने लोक जाणतात.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हा प्रश्न केवळ बाजारपेठेपुरता राहिलेला नाही. मारवाड-गुजरातेतून आलेल्या पूर्वजांनी शेतीतील हिंसा टाळावी म्हणून व्यापार धरला, असे घराघरांत सांगितले जाते. दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीकडे, पिढ्यानपिढ्या नांगर धरणारे जैन शेतकरी आहेतच. नगरकडेही आता राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासे या बागायती पट्ट्यात अनेक व्यापारी घरांची स्वतःची शेती आहे, शेतावर गोदाम आहे, कांद्याची चाळ आहे. तेव्हा बांधावरची घूसही आता आपल्याच दारात आली आहे.

या प्राण्यांची ओळख नीट करून घेतल्याखेरीज त्यांच्यापासून बचाव होत नाही. गोदामात प्रामुख्याने वावरतो तो काळा घरउंदीर. तो उत्तम चढतो. पाइप, वायर, वेल, झाडाची पत्र्यावर टेकलेली फांदी यांवरून येतो आणि भिंत व पत्रा यांच्यातील फटीतून आत उतरतो. म्हणून केवळ दाराची फट बुजवून निश्चिंत बसणाऱ्याची फसगत होते. घूस मात्र जमिनीची. पायाखालून पोखरत येते आणि बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग घालते. लहान जातीची घूस उसाचे बुडखे कुरतडते, गव्हाच्या ओंब्या तोडून बिळात साठवते. काळ्या मातीच्या भेगांत मऊ केसांचा शेतउंदीर राहतो. दुष्काळानंतर चांगला पाऊस झाला की त्याची संख्या एकाएकी फुगते. सौराष्ट्रात १९७५-७६ मध्ये असे घडले होते. आणि ज्या बापडीला उंदीर समजून उगाच मारले जाते ती चिचुंदरी तर उंदरांच्या कुळातीलच नाही. तिचे मुख्य खाणे किडे आणि झुरळे. गोदामात ती उपकारकच.

उसाची तोड सुरू झाली की घूस शेजारच्या गहू-हरभऱ्यात सरकते. रब्बी निघाली की शेतातले उंदीर खळ्यावर, वस्तीवर आणि चाळीत येतात. पावसाने बिळात पाणी शिरले की तेच गोदामाकडे वळतात. चातुर्मासाचा आरंभ आणि उंदरांचे स्थलांतर एकाच सुमारास यावे, हा योगायोग सोयीचा नसला तरी सूचक आहे. त्या दिवसांत साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर होतात, कारण वाटेवर जीवोत्पत्ती वाढलेली असते. गृहस्थाच्या गोदामालाही त्याच वेळी यतना लागते.

आता विषाचा विचार. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणेही आहे. धर्म क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार पाहिला तरी विषाचा हिशेब फारसा जुळत नाही. झिंक फॉस्फाइडच्या आमिषाने पहिल्या रात्री काही उंदीर मरतात. ज्यांनी थोडे खाऊन त्रास भोगला ते पुढे त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. कृषिशास्त्रात याला आमिष-लज्जा असे सुंदर नाव आहे. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत; प्राणी कित्येक दिवस आतल्या आत रक्तस्राव होत मरतो, आणि मरण्यापूर्वी सुस्तावलेला असा उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्यापर्यंत पोहोचते. मेलेला उंदीर थप्पीमागे कुजतो तो वेगळाच. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीन-चार महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. खाणे आणि आसरा जागच्या जागी राहिला तर रिकामी झालेली जागा काही महिन्यांत पुन्हा भरते. विषाचा खर्च मात्र दर हंगामाला नव्याने करावा लागतो.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल तर वेगळे आणि कडक बोलायला हवे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. या गोळ्यांचा वापर कायद्याने शासकीय यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. तरीही त्या धान्यासोबत घरात येतात, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे, बहुधा लहान मुलांचे, प्राण गेल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहतात. या वायूवर उतारा नाही. गोदामाच्या माळ्यावर किंवा मागच्या खोलीत हमालाचे, रखवालदाराचे कुटुंब राहत असेल, तर "काहीतरी बंदोबस्त कर" या वाक्याचा अर्थ कुठवर जाऊ शकतो, हे शेठजींनी एकदा स्वस्थपणे डोळ्यांसमोर आणावे.

मारण्याने रोग तरी टळतो का? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तेथून दख्खनभर पसरला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले, की रोग उंदरावरील पिसवेमार्फत माणसाला होतो. उंदीर मेला की पिसू नवे शरीर शोधते. साथीच्या काळात उंदीर एकदम मोठ्या संख्येने मारणे त्यामुळेच धोक्याचे मानले जाते. याचा अर्वाचीन धडा नगरच्या शेजारच्याच जिल्ह्यात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भीतीपोटी घरे सोडली आणि बाहेर मुक्काम केला. धान्य मात्र त्या बंद घरांतच राहिले. निर्मनुष्य घर आणि भरलेली पोती, उंदरांना आणखी काय हवे? ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरत हादरली, लाखो लोक शहर सोडून निघाले, आणि आपल्यातील कितीतरी घरांचे कापडाचे व हिऱ्यांचे व्यवहार ठप्प झाले. त्या सुरतेला पुढे सावरले ते १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या स्वच्छता मोहिमेने. कचरा रोज उचलला गेला, गटारे साफ झाली, उपाहारगृहांना शिस्त लागली. शहराचे रूप पालटले ते अन्न आणि आसरा उघड्यावर राहणे थांबल्याने.

मग पिंजरा लावावा का? पुष्कळ श्रावक घरांत हाच मार्ग धरला जातो, आणि विषापेक्षा तो नक्कीच बरा. पण त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. ते अतिचार मूलतः पाळीव पशूंच्या संदर्भात सांगितले गेले, तरी शनिवारी रात्री लावलेला पिंजरा सोमवारी सकाळी उघडला जातो तेव्हा आत जे घडलेले असते त्याला वेगळा शब्द नाही. पिंजरा लावला तर पहाटे पाहिलाच पाहिजे, आत दाणे आणि ओल्या फळाची फोड असलीच पाहिजे. आणि सोडायचे कोठे? दुसऱ्याच्या बांधावर सोडलेला उंदीर हा दुसऱ्याच्या पिकावर ढकललेला प्रश्न असतो. त्या शेतकऱ्याच्या विषाने तो मरतो, एवढाच फरक. अनोळखी जागी सोडलेले बहुतेक उंदीर फार दिवस जगत नाहीत, जवळ सोडलेले परत येतात. पिंजरा हा आत राहून गेलेल्या दोन-चार उंदरांसाठी ठीक, नेहमीचा उपाय म्हणून नव्हे. चिकट पुठ्ठ्यांचे तर नावच काढू नये. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यांना त्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत. दुकानांत ते सर्रास मिळतात म्हणून निर्दोष ठरत नाहीत.

मांजर पाळण्याचा प्रश्न शास्त्रकारांनाही पडला होता. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात असतीपोषण या कर्मादानाचा अर्थ उलगडताना, धनासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत मांजर आणि कुत्रा यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. उंदीर मारावेत म्हणून मांजर आणणे हे त्यामुळे वाटते तितके निरुपद्रवी नाही. पण शेतावरच्या जुन्या वडाच्या ढोलीत राहणारे गव्हाणी घुबड किंवा बांधावरची धामण यांची गोष्ट निराळी. त्यांना कोणी आणलेले नसते, कोणी पोसलेले नसते. त्यांची झाडे न तोडणे, त्यांना न मारणे एवढेच श्रावकाकडून अपेक्षित आहे, आणि ते तर शुद्ध अभयदान होय. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतांत या घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवल्या जात आहेत, कारण एक जोडी आपल्या पिल्लांसह वर्षाला हजारो उंदीर खाते. पेटी बसवणे हे आश्रय देणे की शिकार घडवणे, यावर जाणत्यांत मतभेद होऊ शकतो. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी होणारी घुबडांची हत्या थांबवण्याबाबत मात्र मतभेदाचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही तो गुन्हा आहे.

खरा मार्ग आपल्या घरातच आहे आणि त्याचे नाव पडिलेहण. साधू-साध्वी सकाळ-संध्याकाळ आपली वस्त्रे-पात्रे निरखून पाहतात, ते कोणा जीवाला शोधून मारण्यासाठी नव्हे, तर तो जीव आपल्यामुळे दुखावला जाऊ नये म्हणून. गोदामाचे तसेच पडिलेहण केले तर उंदीर मारण्याची वेळच सहसा येत नाही.

त्याची सुरुवात पायापासून होते. वखारीसाठी बांधलेल्या चांगल्या गोदामांचा जोता जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो, कारण तेवढी उभी उडी उंदराला सहसा जमत नाही. पायऱ्या भिंतीला जोडलेल्या असल्या किंवा जोत्याला लागून रिकामी पोती, मोडके पिंप, जुना वजनकाटा पडलेला असला, की ती उंची वाया जाते. जुने गोदाम पाडून नवे बांधणे सर्वांना शक्य नाही. पण दाराच्या खालच्या कडेला एक फूट उंचीचा जस्ती पत्रा ठोकणे, उंबरा आणि दार यांत बोटाची पेरही शिरणार नाही इतकी फट ठेवणे, खिडक्या, झरोके आणि सांडपाण्याच्या नळाला पाव इंच छिद्राची लोखंडी जाळी बसवणे हे कोणत्याही दुकानदाराला एका आठवड्यात करता येते. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान चिचुंद्रासारखे उंदीरपिल्लू आत येते, हे गवंड्याला आधी सांगावे. पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांमधील पोकळी जाळी व सिमेंटने भरावी. छतावर टेकणाऱ्या फांद्या कापून तीन-चार फूट अंतर ठेवावे. बाहेरून चढणाऱ्या पाइपांना आणि तारांना पत्र्याची गोल चकती बसवावी.

मात्र भोके बुजवण्याची घाई करू नये. उंदीर निशाचर, दिवसा तो बिळात झोपलेला असतो. भर दुपारी सिमेंट भरले तर तो आत कोंडून मरतो, त्याची पिल्लेही मरतात, आणि दुर्गंधीने महिनाभर दुकान सोडावे लागते. आधी रांगोळीची किंवा चुन्याची भुकटी भिंतीच्या कडेने टाकून पाउलखुणा पाहाव्या. कोणते भोक चालू आहे ते कळले की तेथे बाहेरच्या बाजूने उघडणारी जाळीची झडप लावावी. बाहेर गेलेला परत येत नाही. आत खाणे मिळेनासे झाले की राहिलेलेही निघून जातात. सलग चार-पाच रात्री भुकटीवर एकही पाऊल उमटले नाही, मगच कायमचे बंद करावे. काही गवंडी सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालतात. त्याची गरज नाही. जाळीचा तुकडा दुमडून घातला तर कोणाच्या तोंडाला इजा न होता तेच काम होते.

थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर आणि लाकडी फळ्यांवर असावी. मधून झाडू फिरला पाहिजे आणि माणूस वाकून पाहू शकला पाहिजे. थप्पी भिंतीला टेकवून चार पोत्यांची जागा वाचते, ही समजूत फार महाग पडते. जुना माल आधी, नवा नंतर, हा नियम वाण्याला शिकवायला नको. पण कोपऱ्यातली 'नंतर पाहू' म्हणून ठेवलेली पंधरा पोतीच उंदरांचे माहेर होतात. दीर्घकाळ ठेवायचा माल १९५७ पासून चालू असलेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावती घेणेही पुष्कळदा किफायतशीर ठरते. घरातील वर्षाच्या धान्यासाठी झाकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी पुरेशी. पूर्वीची शेणाने लिंपलेली कणगी आणि जमिनीतील पेव यांच्यामागे हाच विचार होता. पेवाचे तोंड मातीने लिंपून बंद केले की उंदराला वाटच राहत नसे.

शेतावर गोष्ट अवघड होते, हे मान्य करायला हवे. शेताला शटर नसते. रुंद, गवताळ बांध हे घुशींचे गाव. बांध अरुंद आणि स्वच्छ ठेवले तर त्यांची वस्ती कमी होते. संध्याकाळी सगळी बिळे मातीने हलकेच बुजवली आणि सकाळी कोणती उकरली गेली ते पाहिले, तर जिवंत बिळे किती हे कळते आणि विनाकारण रान खणणे टळते. काढणीनंतर शेतात कणसे, ओंब्या पडू देऊ नयेत. खळे दोन दिवसांत उरकावे. उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात त्या बहुधा तहानेने. काही शेतकरी बांधावर मातीच्या परळात पाणी ठेवून हे नुकसान कमी करतात. एका शेतकऱ्याने एकट्याने केलेले काही टिकत नाही, शिवाराने मिळून करावे लागते. याच जिल्ह्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ पिकानुसार सल्ला देते. त्यात विषाचाही उल्लेख असतो. तो सल्ला घेताना श्रावकाने मशागतीचे आणि बांधाचे उपाय आधी आणि पूर्ण करावेत. उद्योगी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. पण पहिल्या दहा पायऱ्या न चढता थेट अकराव्या पायरीवर उभे राहून उद्योगी हिंसेचे नाव घेणे प्रामाणिक नव्हे.

एक गोष्ट उरते आणि ती आपल्या जीवदयेचीच आहे. बाजारपेठेत अनेक दुकानांसमोर कबुतरांसाठी ज्वारी टाकण्याची रीत आहे. सायंकाळी, दुकान वाढवताना, दिवसभराचे झाडलेले धान्यही त्यातच टाकले जाते. अंधार पडला की कबुतरे झोपतात आणि ते दाणे रात्रभर उंदरांना खुले राहतात. पहाटे तेच उंदीर शेजारच्या शटरखालून आत शिरतात. दाणे घालावेत, पण सूर्योदयानंतर, मोजून, उंच ओट्यावर. आणि दुपारी चारच्या आत उरलेले झाडून डब्यात भरावेत. डब्याला झाकण असावे.